विश्लेषण : दारूगोळ्याचे जहाज धक्क्याला लावायचे की समुद्रातच थांबवायचे? १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटामागे नेमका पेच काय होता?

दरवर्षी १४ एप्रिल ते २० एप्रिल या काळात ठाणे, कल्याण-डोंबिवलीसह देशभरातील अग्निशमन दले अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. केंद्रांवर मानवंदना होते, शाळा आणि सोसायट्यांत आग विझवण्याची प्रात्यक्षिके होतात. १४ एप्रिल म्हटले की महाराष्ट्रात सर्वांना आंबेडकर जयंती आठवते. त्यामुळे अग्निशमन दलाने हाच दिवस का निवडला, हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्याचे उत्तर मस्जिद स्थानकाच्या पूर्वेला, जेमतेम एक-दीड किलोमीटरवरच्या गोदीत आहे. १९४४ मध्ये तिथे ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज फुटले. त्याची गोष्ट बहुधा अपघात म्हणून सांगितली जाते. पण त्याआधी काही वर्षे मुंबई बंदर एका प्रश्नाशी झगडत होते. परक्या सरकारच्या युद्धाचा दारूगोळा या भरवस्तीच्या बंदरातून पुढे जाणार होता. त्यासाठी किती नियम वाकवायचे, हा तो प्रश्न होता.

हा माल मुंबईतच का येत होता?

दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतला आणि भारताची पूर्व सीमा ही थेट आघाडी झाली. जवळचे मोठे बंदर कोलकात्याचे. पण ते जपानी विमानांच्या टप्प्यात होते. डिसेंबर १९४२ मध्ये त्या शहरावर आणि डिसेंबर १९४३ मध्ये तिथल्या गोदीवर बॉम्ब पडले होते. त्यामुळे ब्रिटनहून येणाऱ्या युद्धसामग्रीचा मोठा भार पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कराची आणि मुंबईवर आला. इथे माल उतरवायचा, रेल्वेच्या वाघिणींत भरायचा आणि देश ओलांडून पूर्वेला पाठवायचा. एप्रिल १९४४ मध्ये इम्फाळ आणि कोहिमाची लढाई ऐन भरात होती. धक्क्यावर जहाज एक दिवस जादा थांबले, तर त्याचा परिणाम थेट आघाडीवर होणार, असा लष्कराचा हिशेब होता. तो चुकीचाही नव्हता.

या व्यवस्थेत मुंबईकरांचे मत विचारण्याची सोय मात्र कुठेच नव्हती. प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्येच राजीनामा दिला होता आणि कारभार गव्हर्नरच्या हाती होता. गोदी पोर्ट ट्रस्टची, जहाज ब्रिटिश, माल लष्कराचा. गोदीच्या भिंतीपलीकडे मांडवी, मस्जिद बंदर, दाणाबंदर, वाडीबंदर ही दाट वस्ती. धान्याची गोदामे, कापसाची वखार, गिरणीचा माल वाहणाऱ्या बैलगाड्या आणि चाळी. तिथे राहणाऱ्यांना आपल्या शेजारी काय येऊन थांबते याची कल्पना नसे.

नियम काय होता आणि तो का सैल झाला?

स्फोटके असलेले जहाज गोदीच्या आत आणायचे नाही, हा जगभरच्या बंदरांचा जुना नियम. जहाज किनाऱ्यापासून दूर नांगर टाकते. माल लहान बार्जमध्ये उतरवतात आणि थोडा थोडा करून किनाऱ्याला आणतात. हे काम सुरक्षित असते, पण फार हळू चालते. एका जहाजाला त्यात कित्येक दिवस जातात, बार्ज अडकून पडतात आणि मागची जहाजे रांगेत थांबतात. युद्धाच्या धांदलीत मुंबईत हा नियम सैल झाला आणि दारूगोळ्याची जहाजे थेट धक्क्याला लागू लागली.

यातला धोका कोणाला कळत नव्हता असे नाही. पहिल्या महायुद्धात ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ ब्लाँ’ हे स्फोटकांनी भरलेले फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटले आणि फुटले. जवळपास दोन हजार माणसे मेली. तिथेही युद्धापूर्वी अशा जहाजांना बंदराच्या आत येऊ देत नसत. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने ती बंदी उठवली होती. तिथल्याही जहाजावर धोक्याचा लाल बावटा नव्हता, कारण लाल बावटा म्हणजे शत्रूला लक्ष्य दाखवण्यासारखे. हे सगळे घडून २६ वर्षे झाली होती. मुंबईत नंतर जे झाले, ते या यादीशी इतके जुळते की आज वाचताना आश्चर्य वाटते.

जहाजात होते तरी काय?

‘फोर्ट स्टिकिन’ हे ७,१४२ टनांचे मालवाहू जहाज १९४२ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स रूपर्ट बंदरात बांधले गेले होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे १,३९५ टन स्फोटके होती. तोफगोळे, टॉर्पेडो, सुरुंग असा तो सगळा माल. यातील २३८ टन ‘अ’ वर्गाची, म्हणजे उष्णता किंवा धक्का लागताच उडू शकणारी. शिवाय जवळपास दहा लाख पौंडांचे सोने. ३१ खोकी आणि प्रत्येकात चार लगडी, असे ते ठेवले होते.

इथपर्यंत एक लष्करी जहाज म्हणून यात वेगळे काही नाही. गडबड कराचीत झाली. तिथे काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत नवा माल भरला. कापसाच्या हजारो गाठी, वंगणतेल, भंगार लोखंड, तांदूळ आणि मासळीचे खत. कापूस जहाजाने पाठवण्यामागेही युद्धच होते. पंजाब आणि सिंधमधला कापूस रेल्वेने मुंबईला आणण्यावर त्या वेळी बंदी होती, कारण वाघिणी लष्कराला हव्या होत्या. व्यापाऱ्यांकडे समुद्राशिवाय रस्ता नव्हता. कप्तान अलेक्झांडर नायस्मिथ यांनी या सरमिसळीबद्दल आपली हरकत नोंदवली होती. पण युद्धकाळात जहाजातली एक इंचही जागा रिकामी नेणे परवडत नव्हते.

हरकत योग्य होती. कापसाची दाबलेली गाठ साध्या आगीसारखी जळत नाही. तंतूंच्या आत अडकलेल्या हवेवर ती आतल्या आत तासनतास धुमसते. बाहेरून पाणी मारले तरी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. तिला तेल लागलेले असेल तर आणखी वाईट. जहाजाच्या दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या पोटातल्या कप्प्यात, तळाला हा कापूस होता आणि त्याच्या वर स्फोटके. चुलीवर डबा ठेवावा तसाच हा प्रकार, फक्त चूल अजून पेटायची होती.

मग ४८ तास काय चालले होते?

जहाज १२ एप्रिलला मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया डॉकच्या एक नंबरच्या धक्क्याला लागले. स्फोटके लवकर उतरवायची म्हणूनच त्याला आत घेतले होते. प्रत्यक्षात दोन दिवस उलटले तरी मुख्य दारूगोळा जहाजातच होता. धोक्याचा लाल बावटाही लावलेला नव्हता. नियम सैल करण्याचे जे एकमेव कारण होते, ते म्हणजे वेग. तोच मिळाला नाही. दारूगोळा वस्तीजवळ आणण्याचा धोका पत्करला आणि त्याचा फायदाही हाती लागला नाही.

आग लागल्यावर निर्णय कोणी घ्यायचा?

या घटनेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. शुक्रवार, १४ एप्रिल. जेवणाच्या सुट्टीनंतर दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून धूर येत असल्याचे लक्षात आले. जहाजावरील माणसांनी आणि धक्क्यावरील पथकांनी पाणी मारायला सुरुवात केली. शहराच्या अग्निशमन दलाला कळवण्यात वेळ गेला. आग लक्षात येणे आणि पहिला स्फोट यांत जवळपास दोन तास होते. काही करायला ते पुरेसे होते.

जहाजावर आणि धक्क्यावर त्या वेळी किमान चार जाणकार उभे होते आणि चौघांचे म्हणणे वेगवेगळ्या दिशेला जात होते. दारूगोळ्याचे लष्करी अधिकारी कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहिली आणि हे उडाले तर सगळी गोदी जाईल, असे सांगितले. त्यांचा सल्ला होता, जहाज बुडवा. गोदीचे महाव्यवस्थापक कर्नल सॅडलर यांचे मत पडले की ते ओढून बाहेर समुद्रात न्या. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना आग इथेच विझवायची होती. धक्क्यावर पाण्याचे पाइप होते आणि खुल्या समुद्रात तेवढे पाणी मारणे शक्य नव्हते. चौथे कप्तान नायस्मिथ. जहाज त्यांच्या ताब्यात होते, पण गोदी नव्हती.

प्रत्येक पर्यायाला खोट होती. बुडवायचे म्हटले तर धक्क्याजवळ पाणी पुरेसे खोल नव्हते. जहाज तळाला टेकले असते, पण वरच्या भागातली स्फोटके पाण्याबाहेरच राहिली असती. ओढून न्यायचे म्हटले तर व्हिक्टोरिया डॉक हा दरवाजे असलेला बंदिस्त डॉक. भोवती इतर जहाजे दाटीने लागलेली. ते जहाज स्वतःच्या वाफेवर लगेच निघण्याच्या स्थितीत नव्हते आणि ते अरुंद तोंडात असताना फुटले तर सगळे बंदरच बंद पडले असते. तिथेच विझवायचे म्हटले तर आगीचे नेमके ठिकाण धुरामुळे सापडत नव्हते. होल्ड बंद करून त्यात वाफ सोडायची आणि हवा तोडायची, हाही मार्ग होता. तो वापरला गेला नाही.

शेवटी जे आधीच चालू होते तेच चालू राहिले. ९०० टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. उन्हाळ्यात डोंबिवलीच्या सोसायट्यांत येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे, तर ९० टँकर. आतली उष्णता इतकी होती की पाणी उकळू लागले. होल्डमध्ये पाणी वाढत गेले की जळत्या गाठी तरंगत वर, म्हणजे स्फोटकांच्याच दिशेने सरकण्याचा धोका होता. जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावरचा रंग फोड येऊन सोलवटू लागला, तेव्हा आतल्या आगीची जागा पहिल्यांदा बाहेरून दिसली. तोवर फार उशीर झाला होता.

या चौघांपैकी कोणी भित्रा किंवा अडाणी होता, असे दिसत नाही. बाकीच्या तिघांना गप्प करून एक मार्ग पक्का करण्याचा अधिकार मात्र एकाकडेही नव्हता. लष्कर, बंदर, जहाज आणि अग्निशमन दल या चार यंत्रणा आपापल्या कागदावर बरोबर होत्या. दारूगोळा गोदीत आणण्याचे ठरले, तेव्हाच ‘आग लागली तर हुकूम कोणाचा’ हेही ठरायला हवे होते.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. १६ मिनिटांनी, ४ वाजून ६ मिनिटांनी, पहिला स्फोट झाला.

किती नुकसान झाले?

जहाजाचे दोन तुकडे झाले. १२ किलोमीटरपर्यंत, म्हणजे साधारण शीवच्या आसपासपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. पहिल्या स्फोटातून वाचलेले लोक आणि मदतीला धावलेले लोक गोदीत असतानाच ४ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास मागच्या भागातली स्फोटके उडाली. हा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा होता. सुमारे १,७०० किलोमीटरवरील सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ‘जलपद्म’ नावाच्या सुमारे चार हजार टनांच्या जहाजाचा मागचा भाग उचलून धक्क्यावरच्या शेडवर फेकला गेला. जळता कापूस हवेत उडून वस्तीवर पडला आणि आग गोदीबाहेर पसरली.

मृतांचा आकडा आजही एक नाही. ८०० पासून १,३०० पर्यंतचे अंदाज दिले जातात. त्यात ५०० हून अधिक सामान्य नागरिक होते. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयातले स्मारक त्यांचेच. कप्तान नायस्मिथही गेले, कूम्ब्स वाचले. १३ जहाजे नष्ट झाली. सुमारे ८० हजार लोक बेघर झाले आणि ५० हजारांचा रोजगार गेला. ५० हजार टनांहून अधिक धान्य जळाले. त्याआधीच्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मेली होती आणि मुंबईत १९४३ पासून रेशनिंग सुरू होते. या पार्श्वभूमीवर धान्याचा हा आकडा वाचला की तो जहाजांच्या आकड्याहून जड वाटतो. शहरात काळाबाजार लगेच वाढला.

लोकांना काय सांगितले गेले?

फार थोडे. शहरात धुराचे लोट दिसत होते, बंदरावर जपानी हल्ला झाल्याची अफवा उठली. वृत्तपत्रांवर युद्धकालीन सेन्सॉर होता. उलट जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, या स्फोटाची सविस्तर बातमी दिली. भारतातून वार्ताहरांना बातम्या पाठवण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ‘टाइम’ साप्ताहिकात वृत्तांत आला २२ मे रोजी. छायाचित्रकार सुधीश घटक यांनी केलेले चित्रीकरण लष्कराने जप्त केले, त्यातील काही भाग नंतर वृत्तपटात दाखवला गेला. शत्रूला जे चोवीस तासांत कळले, ते मुंबईकराला आपल्या वर्तमानपत्रात वाचायला जवळपास महिना लागला. गुप्तता नेमकी कोणापासून होती, हा प्रश्न इथे पडतोच.

चौकशीत काय निघाले?

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. घातपाताचा संशय टिकला नाही. आग कापसाच्या गाठींत सुरू झाली असावी आणि तिचे कारण बहुधा कोणाची तरी पेटती विडी किंवा सिगारेट, असा निष्कर्ष निघाला. स्फोटकांखाली कापूस भरणे, लाल बावटा न लावणे, स्फोटके उतरवण्यात दिरंगाई, वाफेचा वापर न करणे आणि अग्निशमन दलाला उशिरा कळवणे, या चुकांवर बोट ठेवले गेले. त्याबरोबरच युद्धाच्या निकडीमुळे दारूगोळा गोदीत आणावा लागला, हेही कारणांत आले. सरकारने जबाबदारी स्वीकारली आणि १९४४ मध्येच अध्यादेश काढून नुकसानभरपाईची व्यवस्था केली. आठ हजार माणसे सात महिने राबली, सुमारे पाच लाख टन राडारोडा हलवला, तेव्हा गोदी पुन्हा सुरू झाली.

एका विडीवर खापर फोडणे सोपे असते. पण गोदीत रोज हजारो माणसे काम करत आणि त्यांतले बरेच विडी ओढत. ती कधीतरी पडणारच होती. ती पडेल तिथे कापूस आणि त्यावर स्फोटके असतील, ही व्यवस्था मात्र कोणा हमालाने केलेली नव्हती.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीशी याचा काय संबंध?

बंदर दूर असले तरी हा प्रश्न इथल्या वाचकाला परका नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ जणांचा मृत्यू झाला. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक पट्ट्यात पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसे मेली. दोन्ही वेळा काही किलोमीटरपर्यंत घरांच्या काचा फुटल्या आणि धोकादायक कारखाने वस्तीपासून दूर हलवण्याची चर्चा नव्याने सुरू झाली. कारखाना आधी की वस्ती आधी, हा वाद तिथे कायम चालतो. पण शेजारच्या भिंतीपलीकडे कोणता माल किती साठवला आहे, हे साध्या रहिवाशाला कुठे पाहायला मिळते, या प्रश्नाला अजून सरळ उत्तर नाही. उरणच्या बंदरातून निघणारे रसायनांचे टँकर आणि कंटेनर मुंब्रा बायपास आणि कल्याण-शिळ रस्त्याने जातात, तेही याच वस्त्यांमधून.

बैरूतचे उदाहरण अजून ताजे आहे. ४ ऑगस्ट २०२० रोजी तिथल्या बंदरातील गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले आणि २०० हून अधिक माणसे मेली. तो साठा २०१३ मध्ये एका जहाजातून आला होता. सीमाशुल्क, बंदर, न्यायालय अशा यंत्रणांत त्याची पत्रे फिरत राहिली आणि माल मात्र तिथून हलला नाही.

मुंबई बंदराच्या परिसरात आज नौदलाचा दारूगोळा कुठे ठेवायचा, हा प्रश्न वेगळ्या रूपात शिल्लक आहे. उरणजवळ करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. त्याच्याभोवतीच्या सुरक्षा पट्ट्यात येणाऱ्या घरांचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. रहिवाशांना ‘सेफ्टी झोन’ म्हणजे घरावर टांगलेली तलवार वाटते, तर नौदलाला तो पट्टा मोकळा हवा आहे. १९४४ मध्ये असा पट्टाच नव्हता आणि वाद घालायला कोणाला परवानगीही नव्हती. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट झाले. त्यात १८ नौसैनिक गेले.

त्या सोन्याचे काय झाले?

बहुतेक लगडी सापडल्या. एक लगड स्फोटाने उडून गोदीपासून मैलभर लांबच्या घराच्या छपरातून आत पडली होती. गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत अधूनमधून लगडी निघत राहिल्या. फेब्रुवारी २०११ मध्येही सोने मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाळातून ४५ किलोचा एक जिवंत तोफगोळा वर आला. ६७ वर्षे पाण्याखाली राहूनही तो निकामी झालेला नव्हता, नौदलाच्या पथकाला बोलावून तो निकामी करावा लागला.